एकावर किती शून्ये?

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने गणितावर लेख लिहावा, हे कोणाला धाडसाचे वाटेल, कोणाला आगाऊपणाचे. दहावीनंतर गणिताचा आणि माझा संबंध सुटला, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मला त्याचे फारसे दुःख झाले नाही. परंतु मागच्या पावसाळ्यात असा एक प्रसंग घडला की, सोडून दिलेल्या या विषयाकडे मला पुन्हा वळावे लागले. प्रसंग अगदी घरगुती आहे. पण त्यातून जे शिकले ते माझ्यासारख्या इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

अण्णांचा प्रश्न

आमचे गाव नेवासे तालुक्यात, मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर. कालव्यावर म्हणायचे एवढेच. आमची जमीन चारीच्या अगदी शेवटाला, म्हणजे ज्याला सगळे 'टेल' म्हणतात तेथे. वरच्यांची भरणी होऊन पाणी उरले तर ते आमच्या बांधापर्यंत येते. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात पावसाळ्यात दोन माणसे भेटली की "धरण किती टीएमसी झाले?" हा प्रश्न ठरलेला. एस. टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

त्या दिवशी वर्तमानपत्रात मुळा धरण भरल्याची बातमी होती. आमचे वडील, म्हणजे अण्णा, चौथीपर्यंत शिकलेले. बातमी मी मोठ्याने वाचली आणि त्यांनी ऐकली. मग तंबाखू मळता मळता त्यांनी विचारले, "सगळे टीएमसी टीएमसी करत्यात. पण एका टीएमसीत किती एकर भिजतं गं?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एवढे तर हिला आलेच पाहिजे, अशी अण्णांची साधी समजूत. मी वही घेऊन बसले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे ठाऊक होते. त्याचे घनमीटर केले, एका एकराला एका पाळीस किती पाणी लागते ते काढले आणि भागाकार केला. शून्यांची रांग कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. उत्तर आले, आठ लाख चौऱ्याऐंशी हजार एकर. मी ते ऐटीत सांगितले.

अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आगं, एका टीएमसीत येवढं रान भिजत आसंल, तर सव्वीस टीएमसीचं धरण भरल्यावं आपली चारी कोरडी कशी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वही मिटून मी चुलीपाशी जाऊन बसले. चौथी शिकलेल्या माणसाने कागदाकडे न बघता ओळखले होते की हिशेबात कोठेतरी पाणी मुरते आहे.

दुसऱ्या दिवशी ती वही आमच्या भूगोलाच्या सरांना दाखवली. त्यांनी चूक दोन मिनिटांत काढली. २,८३,००,००० लिहिण्याऐवजी मी २८,३०,००,००० लिहिले होते. दोन कोटी त्र्याऐंशी लाखांचे अठ्ठावीस कोटी तीस लाख झाले होते. फक्त एक शून्य जास्त! सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "शून्ये मोजत बसू नका, घात लिहायला शिका." पुढील मजकूर म्हणजे त्या एका वाक्याचा माझ्या परीने केलेला अभ्यास होय.

मोठ्या संख्यांची रीत

१०० म्हणजे १० × १०. यात दहा दोनदा आले, म्हणून त्याला १० चा दुसरा घात म्हणतात आणि १०² असे लिहितात. हजारात दहा तीनदा, म्हणून १०³. लाख म्हणजे १०⁵, कोटी म्हणजे १०⁷, अब्ज म्हणजे १०⁹. दहाच्या डोक्यावर उजवीकडे जो लहान अंक बसतो त्याला घातांक म्हणावयाचे. एकावर किती शून्ये, याचे उत्तर तो देतो.

आता कोणतीही मोठी संख्या दोन भागांत लिहावयाची. पहिला भाग १ किंवा त्याहून मोठा, पण १० हून लहान असा अंक, आणि दुसरा भाग दहाचा घात. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी, म्हणजे २६,००,००,००,००० घनफूट. शास्त्रीय रीतीने ती झाली २.६ × १०¹⁰ घनफूट. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याची क्षमता सुमारे ११ टीएमसी, म्हणजे १.१ × १०¹⁰ घनफूट. दोहोंचे घातांक सारखेच, म्हणून पुढचे अंक पाहिले की तुलना झाली. शून्ये मोजण्याचे कारणच उरले नाही.

या रीतीची खरी गोडी गुणाकार-भागाकारात आहे. गुणाकार करताना घातांकांची बेरीज करावयाची, भागाकार करताना वजाबाकी. समजा, कालव्यातून सेकंदाला १,००० घनफूट, म्हणजे १,००० क्युसेक पाणी सोडले आहे. एक टीएमसी पाणी जायला किती वेळ लागेल? १०⁹ ला १०³ ने भागावयाचे. नवातून तीन गेले, उरले सहा. १०⁶ सेकंद, म्हणजे दहा लाख सेकंद. दिवसाचे सेकंद ८६,४००, तेव्हा हे साधारण साडेअकरा दिवस झाले. आवर्तन किती दिवसांचे, विसर्ग किती, हे आकडे वर्तमानपत्रात येतात. ते दोन आकडे कळले की त्यात किती टीएमसी गेले, हे कोणीही घरी बसून काढू शकतो.

बेरीज-वजाबाकीत मात्र एक पथ्य आहे. घातांक आधी सारखे करून घ्यावे लागतात. धरणात २ × १०¹⁰ घनफूट पाणी आहे आणि रात्रीतून अर्धा टीएमसी, म्हणजे ५ × १०⁸ घनफूट आवक झाली. येथे २ आणि ५ मिळवून सात म्हणणे म्हणजे रुपये आणि पैसे एकत्र मोजणे होय. ५ × १०⁸ चे ०.०५ × १०¹⁰ करावयाचे, मग बेरीज २.०५ × १०¹⁰.

अब्ज आणि दहा लाख यांत अंतर केवढे, हे शून्यांकडे पाहून मनाला जाणवत नाही. दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस, हे आपण आताच पाहिले. एक अब्ज सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ वर्षे! प्रस्तुत लेखिकेचे वय एकोणीस वर्षे, म्हणजे सुमारे ६ × १०⁸ सेकंद. माझा पहिला अब्ज अद्याप पुरा व्हायचा आहे.

लहान संख्यांची रीत

एकापेक्षा लहान संख्यांसाठी हीच रीत उलट दिशेने चालते. १०³, १०², १०¹ असे खाली उतरत गेले की दर पायरीला संख्या दहापट लहान होते. पुढची पायरी १०⁰, म्हणजे १. त्याखालची १०⁻¹, म्हणजे एक दशांश. मग १०⁻², म्हणजे एक शतांश. जमिनीच्या वर जसे मजले, तसेच खाली विहिरीचे टप्पे.

एक घनफूट म्हणजे ०.०२८३ घनमीटर. दशांशचिन्ह दोन घरे उजवीकडे सरकवले की २.८३ होतात, म्हणून ही संख्या २.८३ × १०⁻². येथे एक गैरसमज टाळावा. घातांक ऋण आहे म्हणून संख्या ऋण होत नाही. ती फक्त लहान असते.

मोबाईलमधील गणकयंत्राविषयीही येथे सांगितले पाहिजे. फार मोठे उत्तर आले की त्यात अंकांच्या मध्येच इंग्रजी 'ई' हे अक्षर उमटते. ते पाहून यंत्र बिघडले असे मला वाटायचे. प्रत्यक्षात तो 'ई' म्हणजे घातांकाची खूण आहे. २.८३ नंतर 'ई' आणि मग ७ दिसले, तर वाचावयाचे २.८३ × १०⁷.

अण्णांना दिलेले उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक टीएमसी म्हणजे १०⁹ घनफूट. त्याला २.८३ × १०⁻² ने गुणले. घातांकांची बेरीज ९ आणि उणे २, म्हणजे ७. उत्तर २.८३ × १०⁷ घनमीटर. माझे ते चुकार शून्य आता शिरणार कोठून?

एक एकर म्हणजे सुमारे ४ × १०³ चौरस मीटर. एका पाळीला रानात किती पाणी उभे राहावे, हे मी अण्णांनाच विचारले. त्यांनी हात आडवा धरून चार बोटे दाखवली. ती मी आठ सेंटिमीटर, म्हणजे ८ × १०⁻² मीटर धरली. दोहोंचा गुणाकार ३२ × १०¹, म्हणजे ३.२ × १०² घनमीटर. एका एकराच्या एका पाळीला सव्वातीन लाख लिटरच्या आसपास पाणी लागते, हे पाहून मी थक्क झाले.

शेवटी भागाकार. २.८३ ला ३.२ ने भागले तर ०.८८४, आणि सातातून दोन गेले तर पाच. ०.८८४ × १०⁵, म्हणजे ८.८४ × १०⁴. एका टीएमसीत एका पाळीला सुमारे ८८ हजार एकर. तेही धरणातून निघालेला थेंब न् थेंब रानात पोचला तर. वाटेत जिरते, उन्हाने उडते. समजा निम्मेच पोचले, तर ४४ हजार एकर.

मग मी माझ्या पहिल्या, चुकलेल्या उत्तराचीही परीक्षा घेतली. ८.८४ × १०⁵ एकर गुणिले २६ म्हणजे सुमारे २.३ × १०⁷, अर्थात दोन कोटी तीस लाख एकर. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरांचा. त्याचे एकर होतात सुमारे ४.२ × १०⁶, म्हणजे बेचाळीस लाख. माझ्या हिशेबाने एकट्या मुळा धरणाने डोंगर, गावे, रस्ते यांसह जिल्ह्याच्या पाचपट जमीन भिजवली होती! अण्णांनी जे एका वाक्यात ओळखले होते, ते सिद्ध करायला मला घातांक शिकावे लागले.

यातून एक गोष्ट ध्यानात आली. २.८३ ऐवजी २.८ घेतले असते तर उत्तरात फारसा फरक पडला नसता. पण ७ च्या जागी ८ आले की सारेच दहापट बिघडते. तेव्हा आकडा समोर आला की आधी घात तपासावा, पुढचा अंक नंतर. शून्यांच्या रांगेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट लपून राहते. या रीतीत ती उघडी पडते.

आणखी एक फायदा आहे. २६,००,००,००,००० असे लिहिले की प्रत्येक शून्य कोणीतरी मोजून पाहिले आहे असा भास होतो. वास्तविक धरणात गाळ साचतो, मोजमापातही थोडे इकडेतिकडे होते. २.६ × १०¹⁰ लिहिणारा प्रामाणिकपणे सांगतो की माझी खात्री फक्त या दोन अंकांपुरती आहे.

नावे संपतात, घात संपत नाहीत

ही रीत परकी आहे असे कोणी समजू नये. एकं, दहं, शतं म्हणताना आपण दहाच्या पायऱ्याच चढत असतो. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' ग्रंथ लिहिला. त्यात एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी अठरा स्थानांची नावे दिली आहेत. प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट. आजच्या भाषेत परार्ध म्हणजे १०¹⁷. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे मोठ्या संख्यांचा हा अभ्यास आपल्या शेजारच्याच मुलखात चालत होता.

मात्र नावांना दोन अडचणी येतात. पहिली, ती कोठेतरी संपतात. परार्धानंतर काय? ग्रीक गणिती आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सारे विश्व वाळूने भरावयाचे तर किती कण लागतील, याचा हिशेब मांडला. त्यासाठी त्याला मोठ्या संख्यांची नवी नावेच रचावी लागली. त्याचे उत्तर आज आपण १०⁶³ एवढ्या चार अंकांत लिहितो. दुसरी अडचण, एकाच नावाचे दोन अर्थ होतात. मराठीतील खर्व म्हणजे १०¹⁰, तर हिंदीतील खरब म्हणजे १०¹¹. इंग्रजीतील बिलियन शब्दाचा अर्थ इंग्लंडात पूर्वी १०¹² असा होता, अमेरिकेत १०⁹. इंग्लंडच्या सरकारने १९७४ साली अमेरिकी अर्थ स्वीकारला. शब्दांत असा घोळ होतो, घातांकात होत नाही. घातांक डोक्यावर लहान अंकात लिहिण्याची आजची पद्धत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या १६३७ मधील ग्रंथापासून रूढ झाली.

खोडदच्या माळावर

लहान संख्यांचे टोक पाहावयाचे तर तेही दूर नाही. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात दूरवर पसरल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तेथे प्रदर्शन भरते. एकदा मीही ते पाहून आले. त्या वेळी तबकड्यांचा आकार पाहून तोंडात बोट घातले. त्या एवढ्या मोठ्या का, हे मात्र घातांक शिकल्यावर कळले.

आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजण्याचे एकक 'जान्स्की' हे आहे. कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याने १९३०च्या दशकात आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरी प्रथम ओळखल्या, त्याचे हे नाव. एक जान्स्की म्हणजे एक चौरस मीटर जागेवर, लहरींच्या एक हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात १०⁻²⁶ वॅट. दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्ये आणि मग एक! ही संख्या पूर्ण लिहायला घेतली तर माझ्या हातून शून्य सुटणार, यात शंका नाही.

आपण ढोबळ हिशेब करू. तीस तबकड्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ४.८ × १०⁴ चौरस मीटर. लहरींचा पट्टा तीन कोटी, म्हणजे ३ × १०⁷ हर्ट्झ रुंदीचा धरू. तबकड्यांवर पडणारी सगळीच ऊर्जा हाती लागते असेही मानू. एक जान्स्कीच्या ताऱ्याकडून मिळणारी शक्ती काढताना घातांकांची बेरीज उणे २६, अधिक ४, अधिक ७, म्हणजे उणे १५. अंकांचा गुणाकार १४.४. उत्तर १.४४ × १०⁻¹⁴ वॅट. शंभर ग्रॅमचा एक पेरू जमिनीवरून मीटरभर उचलायला साधारण एक ज्यूल ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा या तीसही तबकड्यांवर जमा व्हायला ६.९ × १०¹³ सेकंद लागतील. वर्षाचे सेकंद ३.१५ × १०⁷. भागाकार केला तर सुमारे २.२ × १०⁶, म्हणजे बावीस लाख वर्षे!

एक पेरू उचलायला बावीस लाख वर्षे पुरतील एवढ्या क्षीण लहरी तेथील शास्त्रज्ञ टिपतात आणि त्यांवरून दूरच्या तारकाविश्वांची माहिती मिळवतात. तबकड्या त्यासाठीच एवढ्या मोठ्या. आणि मजा पाहा, धरणाच्या पाण्याला आणि ताऱ्याच्या लहरीला हिशेबाची रीत एकच लागली. फरक एवढाच की एकीकडे घातांक धन होता आणि दुसरीकडे ऋण.

समारोप

माझ्यासारखे अनेक विद्यार्थी घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आले आहेत. घरची मंडळी आपल्यापुढे कर्जाचा कागद धरतात, योजनेची बातमी धरतात आणि "बघ गं काय लिहिलंय" म्हणतात. त्या कागदांवर लाख, कोटी, अब्ज असतात. तेथे एक शून्य चुकले तर अण्णांसारखे कोणी ते ओळखील, पण नेहमी ओळखीलच असे नाही. म्हणून गणित सुटले तरी एवढी रीत कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही सोडू नये, अशी नम्र विनंती आहे. लेखात काही उणे राहिले असल्यास गुरुजनांनी सांभाळून घ्यावे.

दुरुस्त केलेले उत्तर घेऊन मी घरी गेले, तेव्हा अण्णांनी ते नीट ऐकून घेतले. ४४ हजार एकर म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. "हां, हे पटतं," म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "मंग आपल्या चारीवर रान किती, त्याला पानी किती लागतं, हे काढता येईल का?"

येईल. चारीवरच्या सर्व गटांची यादी मी करते आहे. अण्णा एकर सांगतात आणि मी लिहून घेते. पुढच्या आवर्तनाआधी तो हिशेब पाणीवाटपाच्या बैठकीत वाचून दाखवायचा, असे आमचे ठरले आहे.